घडी खात्यातला तिसरा ढीग

ही गोष्ट सांगायचं मी पन्नास वर्षं टाळलं, असं लिहून सुरुवात करणार होतो. पण ते पूर्ण खरं नाही. ही गोष्ट मी निदान शंभर वेळा सांगितली आहे. वर्गात सांगितली, लग्नाच्या पंगतीत सांगितली, निवृत्तीच्या समारंभात तर माईकवरून सांगितली. प्रत्येक वेळी लोक हसले. टाळली ती खरी गोष्ट. सांगितली ती माझ्या सोयीने कापून शिवलेली. आता वय अठ्ठ्याहत्तर आहे, समोर वर्ग नाही, आणि ज्यांना ती शिवलेली गोष्ट ऐकवली त्यांतले बरेचसे स्वतःच निवृत्त झालेत. तेव्हा एकदा सरळ लिहून टाकतो.

सत्तरच्या दशकात, पंचविशीत असताना, मी मुंबईतल्या एका छोट्या कंपनीत लागलो. लोकांची कामं कॉम्प्युटरवर करून द्यायची, हा तिचा धंदा. कॉम्प्युटर मात्र तिचा नव्हता. तो एका मोठ्या कचेरीच्या थंडगार खोलीत होता आणि आम्हाला तासाच्या बोलीने मिळे. घरी सगळ्यांना वाटायचं की मी दिवसभर त्या यंत्रापुढे बसतो. खरं तर दिवसभर मी पेन्सिलीला टोक काढत बसायचो.

माझं काम असं की एखादा धंदा कसा चालतो ते जाऊन बघायचं आणि त्याचं चित्र काढायचं. फ्लोचार्ट. त्या चित्रावरून मग दुसरे लोक प्रोग्रॅम लिहायचे. त्या चित्रांची एक भाषा होती, आणि मी तिच्या अगदी प्रेमात होतो. मोजून पाच-सहा आकार. लांबट गोल म्हणजे सुरुवात नाहीतर शेवट. चौकट म्हणजे काहीतरी करा. शंकरपाळीसारखा आकार म्हणजे प्रश्न. तिच्या एका कोपऱ्यातून आत शिरायचं, उत्तर ‘हो’ आलं तर एका कोपऱ्यातून बाहेर, ‘नाही’ आलं तर दुसऱ्या. मधे बाण. हे आकार काढायला प्लॅस्टिकची एक हिरवट पट्टी मिळायची, सगळे आकार तिच्यात कापलेले. ती मी शर्टाच्या खिशात, लोकांना दिसेल अशी ठेवायचो. डॉक्टर गळ्यात नळी ठेवतात तशी.

एका रविवारी घरी मी चहाचा फ्लोचार्ट काढला. पाणी ठेवा. उकळलं का? नाही. थांबा. पुन्हा विचारा, उकळलं का? आईने कागद लांब धरून पाहिला.

“आणि मधेच दारावर कोणी आलं तर?”

“ते यात येत नाही.”

“मग हा चहा तूच कर,” ती म्हणाली. “माझ्या चहात येतं.”

मी हसलो. तिचं म्हणणं एका कानाने ऐकलं आणि दुसऱ्याने सोडून दिलं. त्या वयात माझा दुसरा कान भलताच मोठा होता.

आमचे साहेब शिस्तीचे. वाईट माणूस नव्हे, हे आधीच सांगतो, कारण वर्गात गोष्ट सांगताना कधीकधी मी थोडा दोष त्यांच्याकडेही सरकवत असे. त्यांचा एकच हट्ट होता. ते म्हणायचे, “जो धंदा एका कागदावर बसत नाही, तो तुम्हाला कळलेला नाही.” ज्याचा चार्ट एका कागदात नेटका बसे, त्याला ते चित्रं काढण्यातून उचलून प्रोग्रॅम लिहायला बसवत. ती आमच्याकडची बढती. आणि मला ती हवी होती.

मी कल्याणचा. त्यामुळे भिवंडीचं काम आलं तेव्हा साहेब म्हणाले, “तुला घराजवळच पडेल.” रोज सकाळी एसटीने, वाटेतल्या कोन गावावरून भिवंडी.

तिथल्या एका शेठच्या चार शेड होत्या, सगळ्या पॉवरलूमच्या. कॉम्प्युटर कशाला हवा, याचं शेठकडे एकच कारण होतं. मुंबईच्या कापडबाजारात त्यांच्या शेजारच्या पेढीने तो सुरू केला होता.

“मशीन कब आएगा?” त्यांनी पहिल्याच दिवशी विचारलं.

“मशीन येणार नाही, शेठ. दर आठवड्याला कागद येईल.”

“कागद तो मेरे पास बहुत है, भाई.”

“हा वेगळा कागद असतो. रुंद. दोन्ही बाजूंना भोकं.”

भोकं म्हटल्यावर ते थोडे समाधानी दिसले.

मग मी सुताच्या मागे लागलो. सूत सायझिंगला जातं, तिथे त्याला खळ लागते आणि ते मोठ्या रिळावर गुंडाळून येतं. त्याला बीम म्हणतात. बीम लूमवर चढतो, लूमवरून कापड उतरतं, कापडाचा तागा होतो. प्रत्येक पायरीला मी एक चौकट काढत होतो. शेडमध्ये आवाज असा की तिथे माणसं एकमेकांचे ओठ आणि बोटं वाचतात. माझ्या हातातली पट्टी बघून उत्तरेकडचा एक विणकर माझ्या कानाशी येऊन ओरडला, “बाबूजी, हमको भी डिब्बे में डालोगे?”

“डालेंगे!”

“हवा आने देना!”

पुढे आठवडाभर जो भेटेल तो मला “हवा है ना?” विचारायचा. मजेत चाललं होतं सगळं. शेवटी मी घडी खात्यात पोचलो.

लूमवरून उतरलेला तागा घडी खात्यात येतो. तिथे तो तपासायचा, चांगला निघाला तर एका ढिगात, दोष निघाला तर त्यावर ‘सेकंड’चा ठप्पा मारून दुसऱ्या ढिगात, मग घडी घालून गठ्ठे बांधायचे. दोषाचा तागा ज्या विणकराच्या लूमवरचा, त्याच्या नावावर तो लागतो. वारंवार सेकंड निघाले तर लूम त्याच्या हातातून जातो.

तपासायला एक गृहस्थ होते, साठीच्या आसपासचे. कोन गावचे. घरची भातशेती, तरुणपणी मुंबईच्या गिरणीत दहा-बारा वर्षं काढलेली, मग गावी परत आणि तिथून इथे. विणकर त्यांना चाचा म्हणत, मी काका म्हणू लागलो. ते मला पहिल्या दिवशी ‘साहेब’ म्हणाले, दुसऱ्या दिवशी ‘भाऊ’, आणि तिसऱ्या दिवशी ‘अरे ए’.

त्यांना मी आमचं भोकं पाडलेलं कार्ड दाखवलं. कॉम्प्युटरला माहिती अशा कार्डांवरून द्यायची असते, हे शेठना समजावताना माझा अर्धा दिवस गेला होता. काकांनी कार्ड उजेडाला धरलं आणि म्हणाले, “ही तं जकार्डची पट्टी! आमच्या गिरनीत व्हती. भोक तिथं धागा वर. एक भोक चुकलं का फुलाची पाकली गेली.”

“अगदी तसंच, काका.”

“मंग तुजं मशीन काय इनतं?”

“माहिती विणतं.”

“ती नेसता येते का?”

त्यांच्या मागे भिंतीला लागून एक लाकडी बाक होतं आणि त्यावर पाच-सात तागे पडलेले होते. चांगल्याच्या ढिगात नाही, सेकंडच्याही नाही.

“हे कुठले?”

“हे व्हय? यांचं अजून ठरलं न्हाय.”

तो तिसरा ढीग.

ते काय करत हे मी तीन दिवस बसून पाहिलं. ताग्यात दोष दिसला की ते ठप्पा मारत नसत. तो तागा बाकावर टाकत आणि त्या लूमच्या विणकराला बोलावत. दुसऱ्या दिवशीचा प्रसंग आठवतो. कापडात आडवी बारीक रेघ होती. विणकर आला, आणि लूम दुरुस्त करणारा जॉबरही आला.

“चाचा, हम तो लूम से हिले तक नहीं,” विणकर म्हणाला.

“मग काय लूम गेला होता चहा प्यायला?” जॉबर म्हणाला.

“तुम्हारा लूम है, तुम जानो.”

“माझा लूम? घरी घेऊन जाऊ का?”

काकांनी दोघांकडे लक्षच दिलं नाही. ते रेघेवर अंगठा ठेवून पुढे वीत टाकत गेले. “येक वीत चार बोटं. येक वीत चार बोटं. पुन्ना येक वीत चार बोटं.” मग जॉबरकडे वळून म्हणाले, “मानसाची चूक कुठं बी पडते. ही मोजून पडते. ही मशीनची. जा, रोलर बघ.”

कापड ओढून घेणाऱ्या रोलरला खाच पडली होती. जॉबरने परत येऊन विणकराला एक विडी दिली.

सगळं इतकं चटकन उलगडत नसे. कधी दोष बीममधला असे, सायझिंगहून आलेला. मग त्याच लूमवरचा पुढचा तागा उतरेपर्यंत काका थांबत, दोन्ही शेजारी पसरत आणि मग ठरवत.

“किती दिवस थांबवता, काका?” मी पेन्सिल सरसावून विचारलं. माझ्या भाषेला आकडा लागायचा.

“समजंपर्यंत.”

“म्हणजे किती?”

“तुजं लगीन झालं का?”

“नाही.”

“मंग? थांबलायस ना?”

घडी घालणारे दोघे खाली बसून हसले. मीही हसलो आणि माझा कच्चा चार्ट त्यांना दाखवला. त्यात घडी खात्याची एक शंकरपाळी होती. दोष आहे? हो, नाही. काकांनी चष्मा पुसून ती पाहिली. अक्षरओळख जेमतेम, पण कापडाकडे बघावं तसं त्यांनी त्या कागदाकडे पाहिलं.

“या शंकरपालीला कोपरं किती?”

“चार.”

“येकातून आत. दोनांतून भायेर. मंग चवथा मोकला कशाला ठेवलास? तिथून माज्या बाकड्यावर बाण ने.”

आजही हे लिहिताना कौतुक वाटतं. प्रश्नाला तीन उत्तरं असू शकतात आणि शंकरपाळीतून तीन बाण बाहेर काढता येतात, हे आमच्या भाषेच्या नियमात बसत होतं. मला शिकवलेलंही होतं. पण ते मला त्या दिवशी सुचलं नाही, त्यांना सुचलं. मी वहीत सगळं लिहून घेतलं. बाक, विणकराला बोलावणं, वितीचं माप, पुढच्या ताग्यासाठी थांबणं, चौथा कोपरा. दोन पानं भरली.

पुढे वर्गात मी सांगायचो की काकांसारख्या माणसाचं काम यंत्राच्या भाषेत बसत नव्हतं. लोकांना हे आवडायचं. खोटं होतं ते. बसत होतं. फक्त एका कागदावर बसत नव्हतं.

कारण तो चौथा बाण बाकावर गेला की तिथून लूमकडे जायचा, जॉबरकडे जायचा, सायझिंगपर्यंत मागे जायचा आणि पुन्हा घडी खात्यात यायचा. तीन वेळा काढून पाहिला. प्रत्येक वेळी बाण एकमेकांवरून उड्या मारत सगळ्या कागदावर पसरायचे. साहेबांपुढे नेला तेव्हा त्यांनी नीट विचारलं, “हे बाकाचं प्रकरण काय? घ्यायचं असेल तर दुसरा कागद कर, त्याची नोंदीची वेगळी चिठ्ठी आणि वेगळं कार्ड आखावं लागेल. दोन आठवडे जातील. शेठना थांबवतो मी. किती वेळा होतं हे?”

दिवसाला आठ-दहा तागे बाकावर जायचे. मी म्हणालो, “क्वचितच होतं, सर.”

त्या संध्याकाळी मी रबराने चौथा बाण खोडला. कागद इतका देखणा दिसू लागला की मी तो लांब धरून दोन-तीनदा पाहिला.

शेठ तर खूश झाले. त्यांनी चार्टला काचेची फ्रेम केली, ती कचेरीत लावली, वर हार घातला आणि नारळ फोडला. खोबरं सगळ्यांना वाटलं. घडी खात्यातून काकाही आले होते. खोबरं चावत ते फ्रेमपाशी गेले, बोटाने बाणाच्या मागे मागे जात स्वतःच्या शंकरपाळीशी थांबले.

“अरे ए. चवथा कोपरा?”

“तो पुढच्या कागदावर घेतोय, काका.”

“बरं,” ते म्हणाले आणि मला त्यांच्या वाटणीचा खोबऱ्याचा तुकडा दिला.

पुढचा कागद मी काढायला घेतलाच नाही. मी प्रोग्रॅम लिहायला शिकू लागलो होतो. आठवड्यातून एकदा भिवंडीला जायचो, तेही कार्डं पाडण्यासाठी ताग्यांच्या नोंदींच्या चिठ्ठ्या गोळा करायला.

एक गोष्ट मी तेव्हा धरून चाललो होतो. मला वाटायचं, जे चालतं त्याचं मी चित्र काढलंय, ते चालत राहील, चित्र चित्राच्या जागी राहील. पण फ्रेम भिंतीवर लागली, हार चढला, आणि लोक चित्राप्रमाणे चालू लागले. कचेरीतले मेहताजी, म्हणजे शेठचे मुख्य कारकून, फार नियमाचे. त्यांनी फ्रेमपुढे उभं राहून घडी खात्याची चौकशी केली. हो किंवा नाही, दोनच रस्ते. मग हे बाक कशाला? त्यांनी बाक उचलून कचेरीच्या दारात ठेवलं आणि दुपारी त्यावर आडवं पडायला सुरुवात केली.

काकांना सांगितलं गेलं की दोष दिसला की ठप्पा. त्यांनी दोनदा कटकट केली. मेहताजी म्हणाले, “मोठ्या कंपनीचा कागद आहे.” काकांना वाटलं, मी पुढचा कागद आणतोच आहे. तोवर ठप्पा मारायचा.

दीड-दोन महिने गेले. आमचे रुंद कागद दर आठवड्याला जात होते, कोणत्या लूमवर किती सेकंड ते क्रमाने छापलेलं. तिसऱ्या शेडमधला एक विणकर सलग तीन आठवडे यादीत सगळ्यात वर आला. त्याचा लूम काढून दुसऱ्याला दिला. पुढच्या यादीत तो दुसराही सगळ्यात वर. लूम तोच, दोष तोच, माणूस वेगळा. विणकरांना हे समजायला कॉम्प्युटर लागला नाही.

मी चिठ्ठ्या घ्यायला गेलो होतो त्याच दिवशी, सकाळी अकराच्या सुमाराला, तिसरी शेड बंद पडली. खडखडाट सवयीचा झालेल्या माणसाला ती शांतता एकदम कानात बसते. सगळे विणकर घडी खात्यापुढे जमले होते. माझ्याशी हवेची थट्टा करणारा पुढेच होता.

“चाचा, पहले आप बुलाकर पूछते थे. अब सीधा ठप्पा? हमने आपका क्या बिगाड़ा?”

“बेंच उठाके ले गए, बेटा,” काका म्हणाले. “कागज पे नहीं है.”

“तो आपने बोला क्यों नहीं कागजवाले को?”

काकांनी माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. मी म्हणालो, “शेठ बुला रहे हैं,” आणि कचेरीकडे निघालो. शेठनी बोलावलेलं नव्हतं. पण थोड्या वेळाने बोलावलंच.

दुपारपर्यंत मुंबईहून साहेबही गाडी करून आले. कचेरीत आम्ही पाच जण होतो. शेठ, मेहताजी, साहेब, काका आणि मी. माझ्या मांडीवर माझी बॅग, बॅगेत ती वही, वहीत ती दोन पानं.

“गलती किसकी है?” शेठ म्हणाले. “कागदात घोटाळा आहे का माझ्या माणसात?”

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. ‘क्वचितच होतं’ हे त्यांना आठवत असणार. मी तेवढंच म्हणालो असतो की सर, मी चुकलो, मी वगळलं, तर ते रागावले असते, बढती गेली असती, फार तर नोकरी गेली असती. पंचविशीत नोकरी पुन्हा मिळते. आज हे मांडायला सोपं आहे.

शेठनी काकांना विचारलं, “काका, या मुलाला बाकाचं सांगितलं होतं का?”

“सांगितलं की. तीन दिस सांगितलं.”

शेठ माझ्याकडे वळले. “सांगितलं होतं?”

“नाही,” मी म्हणालो. “यांनी दोनच ढिगांचं सांगितलं होतं.”

काका ओरडतील, बॅग उघडायला लावतील, अशी माझी तयारी होती. त्यांनी तसं काही केलं नाही. ते माझ्याकडे नुसते बघत राहिले. त्यात राग नव्हता. ताग्यात काहीतरी दिसल्यावर बघायचे, तसं. मग हळूच म्हणाले, “मंग मीच इसरलो असंन.”

“विसरले कसले!” मेहताजी म्हणाले. “आपली विद्या दुसऱ्याला कळू नये म्हणून लपवतात हे जुने लोक.”

ते वाक्य शेठना पटलं. त्यांनी अगदी आदराने, “काका, वय झालं आता, आराम करा,” म्हणून त्यांना महिनाअखेरीपर्यंत यायला सांगितलं. त्यांच्या जागी एक तरुण माणूस नेमला. बाक परत घडी खात्यात आलं. पहिल्या विणकराला त्याचा लूम परत मिळाला. मी चार दिवसांत दुसरा कागद काढून दिला, चौथ्या कोपऱ्यासकट, आणि साहेब म्हणाले, “आता बसला नीट.” ज्याचं त्याला सगळं परत मिळालं, एका माणसाचं सोडून.

विद्या लपवणारे काका उरलेले दिवस त्या तरुणाला वीत टाकायला शिकवत होते. “बोटं जवल ठेव. अशी. फाकवू नको, माप चुकंल.” विणकर येता-जाता सलाम करत, पण थांबत नसत. पूर्वी त्यांच्यासाठी कोणी ना कोणी चहा घेऊन यायचा, तो यायचा बंद झाला. त्यांच्या लेखी चाचांनी सांगायचं ते सांगितलं नव्हतं, आणि एका माणसाचा लूम गेला होता.

मी पुढे गेलो. प्रोग्रॅम लिहिले, मग लोकांकडून लिहून घेतले, मग शिकवू लागलो. आकार बदलले, भाषांची नावं बदलली, शंकरपाळी मात्र राहिली. प्रत्येक नव्या वर्गाला पहिल्या दिवशी मी भिवंडीची गोष्ट सांगायचो. एक म्हातारा, एक बाक, एक ढीग ज्याबद्दल तो मला सांगायलाच विसरला. मग शेड बंद पडल्याचं वर्णन, मेहताजींच्या बाकावरच्या झोपेची नक्कल. त्यावर हशा. मग शिकवण, “माणूस आपल्या कामातलं सगळं सांगत नाही, ते तुम्ही काढून घ्यायचं असतं.” मुलं लिहून घ्यायची. कामातलं सगळं सांगणारा जो एकच माणूस मला आयुष्यात भेटला, त्याचा मी न सांगणाऱ्याचा नमुना करून ठेवला.

सत्तरच्या दशकाच्याच शेवटी एकदा मी कोनला उतरलो. ठरवून. रस्त्यालगतच्या हॉटेलात काका चार-सहा मंडळींबरोबर बसले होते. थोडे वाळले होते, पण मला लांबूनच ओळखलं.

“अरे ए! ये, ये. चा सांग रे याला.” मग मंडळींकडे वळून म्हणाले, “यानं आमचा अख्खा कारखाना कागदाव काढला व्हता.”

“आनि तुला कारखान्यातून काढला!” एक जण म्हणाला.

सगळे हसले. काका सगळ्यांत मोठ्याने हसले. “न्हाय रे, त्याचा काय दोष. माजंच सांगायचं राह्यलं. डोकं चालत नव्हतं तवा माजं, वय झालेलं.” आणि मला म्हणाले, “तुला लई बोलणी खावी लागली असतील ना माज्यापायी?”

ते मनापासून विचारत होते. त्या दिवशी कचेरीत त्यांनी मला वाचवलं असेल, असं मला अधूनमधून वाटायचं, आणि त्यात एक आधार होता. तोही गेला. त्यांनी मला वाचवलं नव्हतं. फ्रेमपुढे त्यांनी स्वतः चौथा कोपरा विचारला होता, तरीही शिकलेला माणूस तोंडावर सांगतोय म्हणजे आपणच विसरलो, असं त्यांनी खरोखरच मानलं होतं. चाळीस वर्षं कापडाकडे बघून अचूक सांगणारा माणूस स्वतःच्या डोक्यावर शंका घेत जगत होता, आणि ती शंका मी दिलेली होती.

मी म्हणालो, “नाही, काका. विशेष काही नाही.”

चहा आला. माझं वाक्य तयार होतं, एसटीत बसून पाठ केलेलं. चार माणसं होती, हॉटेल होतं, एक ट्रक हॉर्न वाजवत होता, अशी कारणं मी नंतर गोळा केली. कल्याणची बस आली. काका स्वतः उठून रस्त्यापर्यंत आले, हात वर करून त्यांनी बस थांबवली आणि मला चढवलं. “लगीन झालं का?” त्यांनी खालून विचारलं. झालं, म्हणालो. “बघ, थांबलास तं झालं,” म्हणाले आणि बस सुटली.

त्यानंतर दोन-तीनदा जायचं ठरवलं. एकदा पत्र लिहिलं, पण ते त्यांना दुसऱ्या कोणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं, म्हणून फाडलं. काही वर्षांनी त्या हॉटेलात पुन्हा गेलो तेव्हा गल्ल्यावरच्या माणसाने सांगितलं की ते गेले, आधीच्या पावसाळ्यात. घर दाखवू का म्हणाला. मी नको म्हणालो.

ते पाठ केलेलं वाक्य लांबलचक होतं, त्यात माझ्या वयाबद्दल आणि साहेबांबद्दलही बरंच होतं. ते सगळं आता खोडलं आहे. जे उरलं ते एवढंच आहे.

काका, तुम्ही विसरला नव्हता. तुम्ही मला तीन दिवस बसवून सगळं सांगितलं होतं आणि मी ते लिहून घेतलं होतं. वही तेव्हा माझ्या मांडीवर होती. मी खोटं बोललो. तुमच्या डोक्यात काहीही बिघाड नव्हता. मला माफ करा.